नळीच्या तोंडातला स्क्रू

जुन्या डिझेल पिकअपचं बॉनेट उघडलं की नव्या पोराला मी आधी एकच गोष्ट सांगतो: हे इंजिन स्वतः व्हॅक्यूम तयार करत नाही. पेट्रोलच्या गाडीत हवेच्या वाटेवर एक झडप असते. पाय उचलला की ती मिटते, पिस्टन मात्र हवा मागतच राहतात, म्हणून मॅनिफोल्डमध्ये पोकळी होते. तिथून एक नळी काढली की ब्रेकच्या बूस्टरचं काम भागतं. डिझेलमध्ये, थोडे अपवाद सोडले तर, ही झडपच नसायची. हवा मोकळी आत येते, अ‍ॅक्सिलरेटरनं कमीजास्त होतं ते डिझेल. म्हणून व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप लागतो. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. अल्टरनेटरच्या दांड्यावरच त्याच्या पात्या फिरतात, इंजिनाचं ऑइल एका पाइपातून त्याला मिळतं आणि दुसऱ्यातून ऑइलच्या चेंबरमध्ये परत जातं. पंपावरून निघालेली जाड नळी बूस्टरला जाते.

१९८८ साली टेल्कोनं टाटामोबाइल आणली. त्या पिढीच्या पिकअपमध्ये व्हॅक्यूमचा पसारा एवढाच होता: एक पंप, एक जाड नळी, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, एक बूस्टर. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले. १ एप्रिल २००५ ला देशातल्या मोठ्या शहरांमध्ये बीएस-३ लागू झालं, त्यात पुणंही होतं. त्या काळातल्या अनेक डिझेल गाड्यांमध्ये जाड नळीला एक टी-जोड आला आणि त्या टीमधून करंगळीहून बारीक अशी दुसरी नळी निघाली. मला जे सांगायचं आहे ते त्या बारीक नळीबद्दल आहे.

माझं गॅरेज हडपसरहून सासवडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. औंधच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला, मग एका उस्तादांच्या हाताखाली राहिलो आणि त्यानंतर स्वतःचं शटर उघडलं. गिऱ्हाईक मुख्यतः पुरंदरचं. अंजीर, सीताफळ, वाटाणा घेऊन या पिकअप दिवे घाट उतरतात आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल टाकून परत जातात. अंजीर हा फार नाजूक माल आहे. तो एक दिवससुद्धा थांबत नाही, त्यामुळे गाडीही थांबून चालत नाही. रात्री क्रेट भरायचे, अंधारात घाट उतरायचा, लिलावाच्या आधी गाळ्यावर पोचायचं. अशा गाडीचा ब्रेक हा माझ्या लेखी इंजिनाच्याही आधी येतो. दिवे घाटाची वळणं, खाली मस्तानी तलावाकडे उतरलेली दरी आणि मागे दीड टन फळ, हे डोळ्यांसमोर ठेवूनच मी या गाड्यांवर हात ठेवतो.

एका हिवाळ्यात अशीच एक गाडी आली. मालक वयस्कर, मी त्यांना आबा म्हणतो. गाडी त्यांनी जुनी विकत घेतलेली, त्यांच्याआधी तिचे दोन-तीन मालक झालेले. तक्रार अशी, की घाटात ब्रेक मध्येच दगडासारखा कडक होतो. "पाय टाकला तर पहिल्यांदा लागतो, दुसऱ्यांदा लागतो, तिसऱ्यांदा पाय खालीच जात न्हाई. मग हँडब्रेक वढतो आन् देवाचं नाव घेतो." त्यांनी आधी दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. एकीकडे लायनर बदलले, ब्रेकची हवा काढली. दुसरीकडे बूस्टरच नवा टाकला. सपाटीवर ट्रायल घेतली की ब्रेक उत्तम लागायचा. घाटात पुन्हा तेच.

ही सपाटीवरची ट्रायल फसवी असते. रस्त्यावर इंजिन रेसमध्ये असतं, अल्टरनेटर जोरात फिरतो, त्यामुळे पंपही जोरात ओढतो. कुठे थोडी गळती असली तरी तो ती भरून काढतो. घाटात पुढे ट्रक अडकले की रांग लागते, गाडी आयडलिंगवर सरकत राहते आणि पाय सतत ब्रेकवर असतो. कित्येक ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मी प्रत्येकाला विनवून सांगतो की असं करू नका, कारण त्यात इंजिनाचा रोध जातो आणि पंपही मंदावतो. म्हणजे व्हॅक्यूम सगळ्यात जास्त खर्च होतो त्याच वेळी तो सगळ्यात कमी तयार होत असतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बूस्टरमधला साठा धरून ठेवतो म्हणून पहिले एक-दोन ब्रेक लागतात. आबांनी सांगितलेला "पहिला, दुसरा, तिसरा" हा हिशोब तंतोतंत तोच होता. गिऱ्हाईक तक्रार सांगत असताना पाना हातात घेऊ नये, पूर्ण ऐकून घ्यावं, हे उस्तादांनी मला शिकवलं होतं, आणि इथे निम्मं निदान आबांच्या तोंडूनच झालं.

व्हॅक्यूमबद्दल एक समजूत सगळीकडे दिसते, की तो ब्रेक "ओढतो". ओढत कोणीच नाही. बूस्टरच्या आत रबरी पडदा असतो. पुढच्या बाजूची हवा पंपानं काढून घेतलेली असते. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलते. ढकलणारी ती हवा म्हणजे आपल्या डोक्यावरचं वातावरण. नऊ इंची पडदा धरला तर त्याचं क्षेत्रफळ चारशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. व्हॅक्यूम गेजवर २४ इंच पारा व्यवस्थित येत असेल तर त्या पडद्यावर तीनशे किलोहून जास्त जोर लागतो. तो अर्धा झाला तर उरलेला जोर माणसाच्या मांडीनं लावायचा. अंधारात, उतारावर, सत्तरीच्या माणसानं.

इथे पुण्याचा एक मुद्दा आहे आणि तो पुस्तकात सापडत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण ३० इंच पारा असतो. दर हजार फुटांना तो सुमारे एक इंच उतरतो. पुणं साधारण ५६० मीटरवर, म्हणजे अठराशे फुटांच्या वर. त्यामुळे इथला दाब मुळातच २८ इंचांच्या आसपास. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, त्या शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात हा दाब रोज मोजला जातो. आमच्या कामात त्याचा अर्थ एवढाच, की मुंबईच्या गाडीत जो आकडा येतो त्याहून इथे दोन इंच कमी आला तर पंपाला दोष देऊ नये. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत ज्यांचा चांगला पंप केवळ पुस्तकातल्या आकड्यापायी काढून टाकला गेला.

आबांच्या गाडीला गेज लावलं. आयडलिंगवर काटा १४ पर्यंत चढून तिथेच थरथरत राहिला. रेस दिली की २० च्या वर. म्हणजे पंप जिवंत होता, पण कुठेतरी हवा घेत होता. अशा वेळी मी काहीही सोडत नाही, आधी चिमटे लावतो. नळी दाबून बंद करणारा रबरी तोंडाचा चिमटा मिळतो, तो नसेल तर कापड गुंडाळलेली पकड चालते. बूस्टरच्या बाजूला चिमटा लावला, काटा हलला नाही. म्हणजे नवा टाकलेला बूस्टर ठीक, आणि बहुधा काढलेला जुनाही ठीकच असावा. मग टीमधून निघालेल्या बारीक नळीवर चिमटा लावला, आणि काटा सरळ २४ वर गेला.

ती नळी कुठे जाते म्हणून हात फिरवत गेलो. वीतभर गेली, वायरिंगच्या खाली वळली आणि तिथेच संपली. तोंडात एक स्क्रू पिळून बसवलेला. स्क्रूच्या आट्यांनी रबर आतून कापलं होतं, उष्णतेनं ते कडक झालं होतं, आणि स्क्रूच्या डोक्यापाशी उभी चीर पडली होती. चिरेवर बोट ठेवलं की सूं आवाज थांबायचा.

ती नळी मुळात ईजीआरची. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळलेल्या वायूचा थोडा भाग परत हवेच्या वाटेवर सोडायचा, म्हणजे सिलिंडरमधली आग थोडी थंड जळते आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात, अशी ती व्यवस्था. वायू सोडणारा व्हॉल्व्ह व्हॅक्यूमनं उघडतो, आणि व्हॅक्यूम कधी द्यायचा ते एक विजेचा सोलेनॉइड ठरवतो. इंजिन थंड असताना नाही, पूर्ण जोर लावलेला असताना नाही, मधल्या हलक्या चालीला हो. ईजीआरमुळे मॅनिफोल्डमध्ये काजळी धरते, व्हॉल्व्ह अडकला तर गाडी काळा धूर सोडते आणि ओढत नाही, हे खरं आहे. म्हणून कोणीतरी सोपा उपाय शोधला: नळी काढा, स्क्रू मारा. "पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज वाढतं." हे वाक्य मी शहराच्या सगळ्या बाजूंना ऐकलं आहे. पण व्हॉल्व्ह साफ करणं हे त्या तक्रारीचं उत्तर आहे आणि स्क्रू हे नाही. शिवाय ती बारीक नळी आणि ब्रेक एकाच पंपावर जगतात, हे स्क्रू मारणाऱ्याच्या मनातही आलं नसणार. ज्या हातानं तो पिळला त्या हाताला दिवे घाटातला आबांचा पाय कधी दिसला नाही.

जोडणीचं काम दिसायला किरकोळ आहे. खरं तर सगळा वेळ शोधण्यात जातो. मी सुरुवात नेहमी उगमाकडून करतो, पंपापासून. आधी सगळ्या नळ्यांवरची माती आणि तेल फडक्यानं पुसायचं, कारण मातीखाली दोन नळ्या एकसारख्या दिसतात. प्रत्येक तोंडाला कागदी टेप लावून आकडा टाकायचा. मग वहीत रेघा मारायच्या: कुठून निघाली, कुठे गेली, कुठे तुटली. आज जोडलेली आहे म्हणजे बरोबर जोडलेली आहे, असं जुन्या गाडीत कधीच धरू नये. या गाडीत सोलेनॉइडचा विजेचा जोड जागेवर होता, म्हणजे तो बिचारा इतकी वर्षं इंजिन चालू असताना इमानानं उघडझाप करत होता आणि त्याच्या दोन्ही नळीतोंडांना काहीच नव्हतं. एका तोंडात कोळ्यानं जाळं केलं होतं.

सोलेनॉइडच्या तोंडांशी सर्वांत जास्त चुका होतात. एक तोंड पंपाकडचं, एक व्हॉल्व्हकडचं, आणि तिसरं, बाहेरची हवा घेणारं, ज्यावर फोमची छोटी टोपी असते. पहिली दोन उलट लागली तर व्हॉल्व्ह एक तर उघडतच नाही, नाहीतर मिटतच नाही. तिसऱ्याकडे कोणी बघतच नाही. धुळीनं ती टोपी बुजली की उघडलेला व्हॉल्व्ह लवकर मिटत नाही, आणि मग "ईजीआरनं गाडी मारली" असं म्हणायला लोक मोकळे. टोपी धुवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मग या गाडीच्या ईजीआर व्हॉल्व्हवर हातपंप लावून पाहिला. पडद्यानं व्हॅक्यूम धरून ठेवला, म्हणजे तो शाबूत होता, पण दांडा काजळीनं जाम. काढून, पडद्याला द्रव लागू न देता, काजळी खरवडून आणि धुऊन तो मोकळा केला. नवं पॅकिंग टाकून परत बसवला.

नळी आणायला नाना पेठेत गेलो. इथे मी जरा हट्टी आहे. बारीक नळी म्हणून लोक काय काय लावतात ते मी पाहिलं आहे: माशांच्या टाकीची पारदर्शक नळी, दवाखान्यातली सलाइनची नळी, गवंड्याची लेव्हल-पाइप. थंड इंजिनावर सगळ्याच चालतात. गरम झाल्या की मऊ पडतात आणि शहाळ्यातल्या भिजलेल्या कागदी स्ट्रॉसारख्या आतून चिकटतात. दाबाची नळी फुटायला नको, व्हॅक्यूमची नळी चपटी व्हायला नको, म्हणून हिची भिंत जाड लागते. रबरसुद्धा तेल सोसणारं हवं. पंपातून ऑइलची वाफ थोडी तरी येतेच. रेडिएटरच्या पाण्यासाठी बनवलेलं रबर तेलानं फुगतं, सिलिकॉन उष्णता झेलतं पण तेलापुढे टिकत नाही. नायट्रिलची, आत विणलेला दोरा असलेली नळी मागायची, आणि आतला व्यास जुन्या निपलवर घालून बघायचा. दुकानदार ओळखीचे आहेत, ते पुडक्यातून काढून देतात, घाई करत नाहीत.

जुन्या नळ्या निपलवरून ओढून काढू नयेत. प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून ठिसूळ झालेलं असतं, निपलच तुटतं. ब्लेडनं नळीला उभी चीर द्यायची आणि सोलून काढायची. नवी बसवताना ग्रीस लावायचं नाही, थोडं पाणी पुरे. एक्झॉस्टपासून लांब, पंख्यापासून लांब, वळण मोठं ठेवायचं. आणि सगळ्या एकदम जोडायच्या नाहीत. एक जोडायची, गेज बघायचं, मग पुढची. असं केलं की काटा पडला तर तो कोणत्या जोडावर पडला हे लगेच कळतं. यात वेळ जातो खरा. पण त्या वेळात मला जे समाधान मिळतं ते इंजिन पूर्ण खोलून बांधण्यातही तेवढं मिळत नाही, कारण इथे कोणीतरी तोडलेली गोष्ट मी परत जिथली तिथे नेत असतो.

उस्ताद विलीज जीपच्या गोष्टी सांगत. त्या जीपचा वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचा. पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडायचा आणि वायपर काचेच्या मध्यावर थांबायचा. पाय उचलला की पुन्हा सळसळ. ड्रायव्हर मुद्दाम पाय उचलून काच पुसून घ्यायचे आणि पुन्हा चढायचे. एका नळीवर दोन कामं टांगली की एक दुसऱ्याच्या तोंडचा घास घेतं, हे उस्ताद त्यावरून शिकवायचे. आबांच्या गाडीखाली पडलेला असताना मला ते आठवलं.

आबांना मी सगळं दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, ब्रेकचं कळलं. पण ती बारकी नळी नीट बुजवून टाका की. जोडायची कशाला? पीयूसी तर निघतंय."

पीयूसी निघतं, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला त्याचाच त्रास होतो. डिझेलच्या पीयूसीत धुराची गडदता मोजतात. आबांच्या गाडीच्या काळातल्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा. नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत, आणि ते डोळ्यांनाही दिसत नाहीत. उलट ईजीआर बंद केलं तर धूर थोडा कमीच दिसतो. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत नवं मॉडेल मंजुरीला जातं तेव्हा हे वायू ग्रॅममध्ये मोजले जातात, ती नळी जोडलेली असते म्हणून गाडी पास होते. रस्त्यावर आल्यावर कोणीतरी तीच नळी काढतो आणि पुढची पंधरा-वीस वर्षं कुठल्याही तपासणीत ते पकडलं जात नाही. हा वायू उन्हात इतर धुराशी मिळून ओझोन बनवतो, दम्याच्या माणसाला तो लागतो. पहाटे मार्केट यार्डात शेकडो गाड्या एका जागी चालू उभ्या असतात आणि त्यांच्या मागेच हमाल पाठीवर पोती घेऊन चालत असतात. ते हमाल दिवसभर तीच हवा आत घेतात.

मी एवढं भाषण आबांपुढे केलं नाही. एवढंच म्हणालो, "आबा, तुम्ही गाळ्यावर गाडी लावता तिथे तुमचा नातूही क्रेट उतरवायला असतो ना? व्हॉल्व्ह साफ केलाय, ओढ कमी होणार नाही. एक हंगाम चालवून बघा. नाही पटलं तर मी स्वतः बुजवून देईन, पैसे घेणार नाही." आबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "जोडा."

जोडल्यावर आयडलिंगवर काटा २४ ला लागला आणि हलला नाही. इंजिन बंद करून पेडल दाबून दाबून कडक केलं, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारला. पेडल पायाखालून हलकंच खाली गेलं. बूस्टर जागा झाल्याची ही सगळ्यात साधी खूण आहे, प्रत्येक ड्रायव्हरला यावी. मग इंजिन बंद करून थोडा वेळ थांबलो आणि पुन्हा पाय टाकला. पहिले ब्रेक मऊ लागले, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही साठा धरत होता. त्यानंतर रिकाम्या नाही, भरल्या गाडीनं घाटात गेलो. आबांनीच चालवली. वळणावर रांगेत उभे राहिलो, आयडलिंगवर, आणि ते मुद्दाम पुन्हापुन्हा ब्रेक दाबत राहिले.

वहीतला नकाशा मी स्वच्छ काढून, प्लास्टिकमध्ये घालून, बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून दिला. पुढचा जो कोणी मेकॅनिक बॉनेट उघडेल त्याला अंदाज बांधावा लागू नये.

हंगाम संपल्यावर आबा आले ते गावातल्या आणखी दोघांना घेऊन. अ‍ॅव्हरेजमध्ये फरक जाणवला नाही, असं त्यांनीच मला सांगितलं. दोघांच्याही गाडीत नळी बुजवलेली निघाली, एकीत बोल्ट, दुसरीत बॉलपेनचं टोपण. पहिल्यानं जोडून घेतली. दुसऱ्याच्या गाडीचा सोलेनॉइड जळलेला होता आणि नवीन घ्यायची त्याची त्या वेळी ऐपत नव्हती. त्याला मी जबरदस्ती केली नाही. टीपाशीच योग्य मापाची रबरी टोपी क्लिप लावून बसवली, गेजवर खात्री केली, म्हणजे निदान ब्रेकला धोका राहिला नाही. बिलावर मात्र लिहिलं: ईजीआर बंद आहे, सोलेनॉइड बदलून नळी जोडणे बाकी. त्यानं ते मोठ्यानं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि सीताफळाचे पैसे आले की येतो म्हणाला.